सापळ्यातली सरासरी आणि ओढ्यातले क्रेफिश: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या चुनखडीच्या डोंगराळ भागातला हा ओढा. रुंदी दोन-तीन मीटर, उन्हाळ्यात पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, तळाशी गोटे आणि त्यांच्यामधून खडी. ओळख पटू नये म्हणून ओढ्याचे, संस्थेचे आणि माणसांचे तपशील येथे वगळले आहेत.

या ओढ्यात सिग्नल क्रेफिश घुसले होते. क्रेफिश म्हणजे छोट्या लॉब्स्टरसारखा, नांग्या असलेला गोड्या पाण्यातला प्राणी. सिग्नल क्रेफिश मूळचा उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातला. क्रेफिश प्लेग या क्रेफिशच्या रोगाने स्वतःचे क्रेफिश गमावलेल्या स्वीडनने 1960 च्या दशकात तो युरोपात आणला आणि 1976 पासून इंग्लंडमध्ये त्याची शेती सुरू झाली. तळ्यांतून तो निसटला आणि ओढ्या-नद्यांतून पसरत गेला. इंग्लंडचा मूळचा पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश आकाराने लहान आणि स्वभावाने सौम्य. सिग्नल क्रेफिश त्याला हुसकावतोच, शिवाय प्लेगची बुरशीसारखी लागण अंगावर वागवतो. स्वतः तो सहसा आजारी पडत नाही, मूळच्या क्रेफिशला मात्र ती लागण बहुधा संपवूनच टाकते.

ओढ्याची काळजी घेणारी स्थानिक संस्था सलग तीन उन्हाळे सापळे लावून क्रेफिश काढत होती. सापळ्यांसाठी पर्यावरण खात्याची परवानगी होती आणि प्रत्येक सापळ्यावर क्रमांकाची चिठ्ठी होती. पाणमांजर आत अडकू नये म्हणून तोंडाची रुंदी नियमाप्रमाणे 95 मिलिमीटरच्या आत ठेवलेली होती. पकडलेला प्रत्येक प्राणी स्वयंसेवक मोजत आणि त्याची लांबी, वजन, नर की मादी अशी नोंद करत. तीन वर्षांनी आलेख काढला तेव्हा सरासरी लांबी दरवर्षी उतरताना दिसली, आणि तिसऱ्या वर्षी तर एकदम उतरलेली. मोठे प्राणी संपत आले, प्रयत्न लागू पडतोय, असा संस्थेचा समज झाला. पुढच्या निधीचा अर्ज याच आलेखावर बेतायचा होता. त्याआधी नोंदी एकदा तपासून घ्याव्यात म्हणून त्या ओढ्यांच्या परिसंस्थेवर काम करणाऱ्या एका गटाकडे आल्या.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

पहिली अडचण मोजण्याची. नोंदवहीच्या रकान्यात नुसते ‘लांबी’ लिहिले होते. क्रेफिशची लांबी निदान तीन प्रकारे घेतात. एक, डोळ्यांच्या मधून पुढे आलेल्या टोकापासून, म्हणजे रोस्ट्रमपासून, शेपटीच्या पंख्याच्या शेवटापर्यंत पूर्ण लांबी. दुसरी, त्याच टोकापासून पाठीच्या कवचाच्या मागच्या काठाच्या मध्यापर्यंत. तिसरी, डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून त्याच काठापर्यंत. पूर्ण लांबी ही कवचाच्या लांबीच्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे नोंदींत झालेली या दोन्हींची सरमिसळ पकडणे सोपे गेले. लांबी आडव्या आणि वजन उभ्या अक्षावर, दोन्हींचे लॉगरिदम (लॉग) घेऊन मांडल्यावर ठिपक्यांचे दोन वेगळे पट्टे पडले. वजन साधारणपणे लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. एका पट्ट्यातले प्राणी त्याच लांबीला आठपट हलके दिसत होते, म्हणजे तिथे पूर्ण लांबी घेतली होती.

टोकापासूनची आणि खोबणीपासूनची कवचलांबी यांची सरमिसळ मात्र अशी उघडी पडत नाही. दोन्हींतला फरक त्या मानाने लहान असतो. कात नुकती टाकली की नाही, नर की मादी, नांगी तुटलेली की शाबूत, यांवरून वजन इतके बदलते की दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळून जातात. तिसऱ्या वर्षी मोजणारी माणसे बदलली होती. नव्या माणसांनी खोबणीपासून मोजायला सुरुवात केली होती. तसे करणे योग्यच, कारण टोक वारंवार तुटते. पण त्यांनी ते कुठे लिहून ठेवले नव्हते. समजा एक प्राणी टोकापासून 45 मिलिमीटर आणि खोबणीपासून 35 भरतो. असे शंभर प्राणी पहिल्या वर्षी एका पद्धतीने आणि तिसऱ्या वर्षी दुसऱ्या पद्धतीने मोजले, तर ओढ्यात काहीही न बदलता सरासरी दहा मिलिमीटरने खाली येईल. तिसऱ्या वर्षाच्या त्या एकदम उताराचा बराचसा भाग असा आला होता.

दुसरी अडचण जास्त खोल होती. मोजमापे कितीही अचूक घेतली तरी कॅलिपरपर्यंत, म्हणजे जबड्यात धरून लांबी मोजायच्या साधनापर्यंत, पोचणारे प्राणी सापळ्याने निवडलेले होते. आमिषाच्या सापळ्यात मोठे, धीट, बहुधा नर शिरतात. लहान प्राणी जाळीतून निसटतात. बारीक जाळी लावली तरी ते आत जायला धजत नाहीत, कारण आत आधीच मोठा बसलेला असतो आणि क्रेफिश आपल्याच जातीचे पिल्लू खातो. अंडी धरलेल्या माद्या शरद ऋतूपासून पुढच्या वसंतापर्यंत दगडाखालून फारशा हलत नाहीत, तेव्हा त्याही सापळ्यात येत नाहीत. मोठे नर काढून टाकले की त्यांच्या धाकाने बाहेर राहणारे मधल्या आकाराचे प्राणी सापळ्यात येऊ लागतात आणि सापळ्यातली सरासरी घसरते. ओढ्यातली संख्या तशीच राहिली तरी ती घसरेल, वाढली तरीही घसरेल. मोठ्यांकडून होणारी खादाडी थांबल्यामुळे जास्त पिल्ले जगू शकतात, म्हणून संख्या वाढण्याची शक्यता खरीच असते.

यात संस्थेचा आणखी एक प्रश्न होता. ओढ्याच्या वरच्या टोकाला, जिथे क्रेफिश नुकतेच पोचत होते, तिथल्या नरांच्या नांग्या फार मोठ्या दिसतात असे स्वयंसेवकांचे निरीक्षण होते. आक्रमणाच्या आघाडीवर वेगळ्या ठेवणीचे प्राणी पुढे जात असतील, तर त्यांना अडवण्याची पद्धतही वेगळी लागेल.

समोरचे पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे जुन्या नोंदी दुरुस्त करून सापळे तसेच चालू ठेवणे. पूर्ण लांबीच्या नोंदी गुणोत्तराने कवचलांबीत बदलता आल्या असत्या. पण दुसरी अडचण त्याने सुटत नव्हती.

हाताने दगड उलटून शोधणे हा दुसरा पर्याय. ठरावीक पट्ट्यांत ठरावीक संख्येने दगड उलटायचे, मागे जाळी धरायची. साहित्य जवळपास काहीच लागत नाही आणि लहान प्राणीही मिळतात. पण मोठे दगड हलत नाहीत, खोल जागा सुटतात आणि खडीच्या फटींत शिरलेली पिल्ले हाताला लागतच नाहीत. मूळच्या क्रेफिशची हजेरी तपासायला ही पद्धत चांगली. घनता काढायला अपुरी.

पाण्यात विजेचा सौम्य झटका देऊन मासे पकडतात तशी पद्धत तिसरी. इथे ती एका नेमक्या कारणाने बाद झाली. झटक्याने क्रेफिश दगडाखाली आखडतो आणि पुष्कळदा नांगी झटकून टाकतो. नांगी हेच मोजायचे असेल तर मोजण्याआधीच माप गमावणारी पद्धत चालणार नाही.

खुणा करून सोडायचे आणि पुन्हा पकडून संख्या काढायची, ही रूढ पद्धत कायद्यानेच अडवली होती. परक्या आक्रमक प्रजातींविषयीच्या 2019 च्या आदेशानुसार पकडलेला सिग्नल क्रेफिश पुन्हा पाण्यात सोडणे हा गुन्हा आहे.

उरला शेवटचा पर्याय: ओढ्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून, पाणी पंपाने वळवून तळ उघडा करायचा, हाती लागेल तो प्रत्येक क्रेफिश उचलायचा, आणि पाणी परत सोडून हेच आणखी दोनदा करायचे. यॉर्कशायर डेल्समधल्या एका ओढ्यावर असे तिहेरी कोरडे पाडण्याचे काम झाले आहे आणि ते 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे दर चौरस मीटरला 110 पर्यंत क्रेफिश निघाले. सापळ्यात येण्याइतके, म्हणजे 35 मिलिमीटरपेक्षा मोठ्या कवचाचे प्राणी त्यांत केवळ 2.3 टक्के होते. हे आकडे समोर असताना फक्त सापळ्यांवर विसंबून पुढे जाणे गटाला पटले नाही.

या पद्धतीची किंमतही मोठी आहे. पंप, माणसे, परवानग्या लागतातच, शिवाय त्या तुकड्यातल्या बाकीच्या जिवांना धक्का बसतो. म्हणून ती सगळीकडे न करता एकाच तुकड्यात करायची आणि तिथून मिळालेल्या नात्यांवर बाकीच्या ठिकाणच्या नोंदी वाचायच्या, असे ठरले. हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि त्याची कमकुवत बाजूही इथेच आहे. एक तुकडा म्हणजे एकच नमुना.

मोजमापाचा आराखडा

ओढ्यावर उतरण्याआधी मोजण्याची पद्धत कागदावर पक्की केली. पाण्याने न भिजणाऱ्या कागदावर प्राण्याचे चित्र, त्यावर प्रत्येक मापाचे सुरुवातीचे आणि शेवटचे टोक बाणाने दाखवलेले. प्रत्येक मोजणाऱ्याच्या ताटाशेजारी त्याची एक प्रत.

मुख्य लांबी खोबणीपासूनची धरली. टोक शाबूत असलेल्या प्राण्यांची टोकापासूनची लांबीही घेतली, कारण त्यातूनच दोन्हींतले नाते काढून जुन्या नोंदी वाचता येणार होत्या. पोटाची रुंदी दुसऱ्या खंडावर बाहेरून बाहेर घेतली. मादी वयात आली की हा भाग रुंदावतो, त्यामुळे कोणत्या लांबीला माद्या प्रजननक्षम होतात याचा अंदाज मिळतो. नांगीची लांबी मनगटाच्या सांध्याच्या बाहेरच्या कडेपासून न हलणाऱ्या बोटाच्या टोकापर्यंत घेतली. हलणाऱ्या बोटावर मोजले तर नांगी किती उघडी आहे त्यावर आकडा बदलतो. तळव्याची रुंदी सगळ्यात रुंद जागी आणि जाडी त्याच जागी.

दोन्ही नांग्या वेगळ्या नोंदल्या आणि प्रत्येकीला खूण दिली: मूळची, पुन्हा फुटलेली, तुटलेली, नाही. तुटलेल्या नांगीची जखम ताजी ओली असेल तर तसे वेगळे लिहायचे. पुन्हा फुटलेली नांगी बारीक आणि निमुळती असते, तिचे दात नीट बसलेले नसतात. ती मूळच्या नांग्यांत मिसळली तर सगळ्या गटाच्या नांग्या लहान ठरतात. सह्याद्रीतल्या ओढ्यांत मूळचे क्रेफिश नाहीत, गोड्या पाण्यातले खेकडे आहेत आणि त्यांच्या कवचाची रुंदी मोजतात. तिथे रोस्ट्रमचा घोळ नाही. पण खेकड्याच्या दोन नांग्या मुळातच लहान-मोठ्या असतात, तेव्हा उजवी कोणती आणि मूळची कोणती हे तिथेही लिहावेच लागते.

नर-मादी ओळखण्यासाठी पोट उलटून पाहायचे. नराच्या पोटाखालच्या पायांच्या पहिल्या दोन जोड्या काडीसारख्या कडक होऊन पुढे वळलेल्या असतात. मादीची छिद्रे पायांच्या तिसऱ्या जोडीच्या मुळाशी असतात, नांग्या ही पहिली जोडी धरून. अगदी लहान पिल्लांत हे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तिथे अंदाजाने नर किंवा मादी न लिहिता ‘अज्ञात’ लिहायचे.

कवच बाजूने बोटाने दाबून कडक, लवचीक की मऊ हेही नोंदले. क्रेफिश रोज थोडा थोडा वाढत नाही. कात टाकताना त्याची लांबी एकदम उडी घेते आणि नंतर पुढच्या कातीपर्यंत तशीच राहते. कात टाकल्यावर अंगात पाणी भरलेले असते आणि मांस कमी असते. मऊ कवचाच्या प्राण्याचे वजन लांबी-वजनाच्या नात्यात घेतले तर ते नाते बिघडते. शिवाय मऊ कवच कॅलिपरच्या जबड्यात दबते.

वजनासाठी प्राणी झटकून, डोके खाली धरून कवचाखालचे कल्ल्यांतले पाणी निथळू द्यायचे, मग टिपकागदावर फिरवायचे. मोठ्यांना 0.1 ग्रॅमचा काटा, एक ग्रॅमच्या आतल्यांना 0.01 ग्रॅमचा. काट्याला वाऱ्यापासून आडोसा हवा. गोठवलेला प्राणी वितळताना पाणी सोडतो आणि अल्कोहोलमधला प्राणी हलका होतो, म्हणून वजन ताजेच घ्यायचे असे ठरले.

दहा मिलिमीटरच्या आतल्या पिल्लांना कॅलिपर लावायचा नाही. ती उथळ पाण्याच्या बशीत ठेवून वरून सरळ फोटो, शेजारी मोजपट्टी. पट्टी बशीच्या तळाशी न ठेवता पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवायची. खाली ठेवली तर पिल्लू भिंगाला पट्टीपेक्षा जवळ असल्यामुळे मोठे दिसते, आणि जितके पिल्लू मोठे तितकी ही चूक वाढते. फोटोवरची मापे इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घेतली.

कामाआधी एक सराव झाला. वीस मृत प्राणी, प्रत्येक मोजणाऱ्याने दोनदा मोजायचे, पहिला आकडा झाकून. दोन मापांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, प्राण्यांच्या संख्येच्या दुपटीने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. ही त्या माणसाची त्या मापातली चूक. खोबणीपासूनच्या लांबीत सगळे जवळजवळ सारखे निघाले. नांगीच्या जाडीत मात्र माणसामाणसांत इतका फरक होता की ती दोन गटांत तुलना करण्याजोगी उरली नाही, आणि ते माप तिथेच सोडून दिले. सरावाचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला. नको ते माप शेकडो प्राण्यांवर घेण्याचे कष्ट वाचले.

सरावातून एक खोडही दिसली. काही जणांच्या आकड्यांचे शेवटचे स्थान फार वेळा 0 किंवा 5 येत होते. शेवटचा अंक प्रत्येकी सुमारे दहा टक्के वेळा यायला हवा. म्हणून मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने वाचायचा, लिहिणाऱ्याने तो परत उच्चारायचा आणि मगच प्राणी खाली ठेवायचा, असा नियम केला. प्राणी आघाडीचा की क्रेफिश दाट असलेल्या पट्ट्याचा हे मोजणाऱ्याला कळू द्यायचे नाही, ताटावर फक्त क्रमांक. आघाडीच्या नांग्या मोठ्या असतात असा समज मनात घेऊन मोजले तर कॅलिपरचा जबडा कळत नकळत सैल धरला जातो.

प्रत्यक्ष काम

वेळ निवडली ऑगस्टची अखेर. पाणी सगळ्यात कमी, त्या वर्षीची पिल्ले आईपासून सुटलेली, आणि ट्राउट माशांची अंडी अजून खडीत पडलेली नाहीत. ती शरदाच्या अखेरीपासून पडतात आणि वसंतापर्यंत खडीतच असतात, तेव्हा त्या काळात तळ उघडा करणे म्हणजे त्यांचा नाश.

आदल्या रात्री त्याच तुकड्यात नेहमीचे सापळे लावले. सकाळी त्यांत आलेले प्राणी वेगळे ठेवले, पण एकूण मोजणीत धरले. त्यामुळे तोच ओढा, तेच प्राणी आणि दोन पद्धती यांची थेट तुलना मिळाली. तुकड्यात येणाऱ्या एका जागी, आणि आघाडीच्या एका जागी, ठरावीक चौकटीतल्या तळाचे किडेही आधी गोळा केले.

नंतर वर-खाली बारीक जाळ्या, वाळूच्या गोण्यांचे बांध, आणि पंपाने पाणी तुकड्याला वळसा घालून खाली. मासे आधी काढून हवा सोडलेल्या टाक्यांत ठेवले. पंपाच्या तोंडाला दोन मिलिमीटरची जाळी लावली होती, नाही तर पिल्ले पंपातच जातात. ही जाळी पानांनी चोंदत राहिली. तोंड भोके पाडलेल्या बादलीत आणि बादली मोठ्या छिद्रांच्या पिंपात अशी रचना केल्यावर काम चालले. गढूळ पाणी थेट ओढ्यात न सोडता बाजूच्या गवतावर सोडले.

चुनखडीच्या भागात तळ पूर्ण कोरडा होत नाही. खडीखालून पाणी झिरपत राहते आणि लहान क्रेफिश त्या ओलीमागे खाली जातात. यासाठीच पाणी परत सोडून थोडा वेळ थांबणे आणि पुन्हा उपसणे गरजेचे असते. पाणी आल्यावर ते वर येतात. पहिल्या फेरीत हाताला न लागलेली पिल्ले दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत मिळाली.

तीन फेऱ्यांवरून एकूण संख्येचा अंदाज कसा येतो ते उदाहरणाने पाहू. समजा पहिल्या फेरीत 600, दुसरीत 200, तिसरीत 67 निघाले. प्रत्येक फेरी उरलेल्यांपैकी दोन तृतीयांश काढते आहे. म्हणजे सुरुवातीला सुमारे 900 होते आणि 33 अजून तळात आहेत. हा हिशोब प्रत्येक प्राणी सापडण्याची शक्यता सारखी आहे असे मानतो. पिल्लांबाबत ते खरे नसते. म्हणून आकाराचे गट पाडून प्रत्येकाचा हिशोब वेगळा केला.

एक गोष्ट बिघडली. पहिल्या फेरीत प्राणी अपेक्षेपेक्षा फार निघाले आणि मोजण्याच्या रांगेत ते बादल्यांत दाटीने थांबले. क्रेफिश दाटीत भांडतात. काहींच्या नांग्या बादलीतच तुटल्या. जखम ताजी ओली असल्यास तसे लिहायचे हा नियम आधीच होता, म्हणून त्या नोंदी ओढ्यातल्या जुन्या तुटींपासून वेगळ्या काढता आल्या. पुढच्या फेऱ्यांत आकाराप्रमाणे वेगळी ताटे केली आणि प्राणी बर्फावर ठेवलेल्या ओल्या गोणपाटाखाली गार व शांत ठेवले. ब्रिटनच्या 2022 च्या कायद्याने क्रेफिशसारख्या दशपादांनाही वेदना जाणणारे प्राणी मानले आहे. गार करून बधिर झाल्यावरच त्यांना मारण्याची शिस्त पाळली गेली, आणि मोजणीच्या अचूकपणालाही तिचा उपयोग झाला.

काम संपल्यावर गमबूट, जाळ्या, पंप सगळे तपासून 45 अंशांच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटे ठेवले किंवा धुतले आणि पूर्ण वाळवले. प्लेगची बीजे ओल्या सामानातून मूळच्या क्रेफिशच्या ओढ्यात जाऊ शकतात.

काय निघाले

लांबीचा स्तंभालेख पाहून संस्थेच्या लोकांना धक्का बसला. डावीकडे करंगळीच्या नखाएवढ्या पिल्लांचा उंच डोंगर, मग एक-दोन वर्षांच्या प्राण्यांचे ठेंगणे उंचवटे, आणि उजवीकडे मोठ्यांची अगदी बारीक शेपटी. आदल्या रात्री सापळ्यांत आलेले प्राणी त्या शेपटीतच बसत होते. तीन वर्षे काढलेले सगळे प्राणी या शेपटीतून आले होते.

टोक आणि खोबणी यांच्यातले नाते वापरून पहिल्या दोन वर्षांच्या कवचलांबीच्या नोंदी खोबणीपासूनच्या लांबीत बदलल्या. तिसऱ्या वर्षाचा मोठा उतार बराचसा पुसला गेला. उरलेला थोडा उतार मोठे नर सापळ्यांनी काढल्याचा होता. क्रेफिशची एकूण संख्या घटल्याचा पुरावा त्यात कुठेच नव्हता.

नांग्यांचा प्रश्न गुणोत्तरात अडकलेला होता. स्वयंसेवकांनी नांगीची लांबी भागिले कवचाची लांबी असे पाहिले होते आणि आघाडीवर हा आकडा खरोखर मोठा होता. पण प्रौढ नरांत नांगी शरीरापेक्षा वेगाने वाढते. लॉग-लॉग आलेखावरचा उतार 1.3 मानला तर लांबी दुप्पट होताना नांगी सुमारे 2.46 पट होते, म्हणजे गुणोत्तर आपोआप 23 टक्क्यांनी वाढते. आघाडीवर मोठे नर जास्त होते, कारण इतक्या दूरवर तेच चालत जातात. गुणोत्तर त्यामुळेच फुगले होते. फक्त कडक कवचाचे, मूळच्या नांगीचे प्रौढ नर घेऊन, सारख्या लांबीला दोन्ही ठिकाणच्या नांग्या ताडून पाहिल्या, तेव्हा उरलेला फरक मोजणाऱ्यांच्या चुकीपेक्षा मोठा नव्हता. पिल्ले आणि प्रौढ एकाच रेषेत बसवायचे नाहीत, हेही इथे पाळावे लागले. वयात येताना नरांच्या रेषेला वळण पडते आणि एकच रेषा ओढली तर दोन्हींचा उतार चुकतो.

दाट पट्ट्यात पुन्हा फुटलेल्या नांग्यांचे प्रमाण जास्त दिसले. दाटीमुळे भांडणे वाढतात हे कारण पटण्याजोगे आहे, पण शिकाऱ्यांच्या हल्ल्यांतूनही असे होते. एका तुकड्यावरून याचा निवाडा करता येत नाही, म्हणून अहवालात ती फक्त नोंद म्हणून ठेवली.

परिसंस्थेच्या दृष्टीने शरीराच्या मापांचा सगळ्यात मोठा उपयोग पुढे झाला. लांबी-वजनाच्या नात्याने प्रत्येक गटाचे एकूण वजन काढले. पिल्ले संख्येने फार, वजनाने कमी. तरी त्यांना हलके धरता येत नाही. लहान क्रेफिश वाढीसाठी मांसाहाराकडे जास्त झुकतात आणि त्यांचे अंग इतके अरुंद असते की खडीच्या ज्या फटींत किड्यांच्या अळ्या आणि माशांची अंडी लपतात तिथे ते पोचतात. मोठ्यांना तिथे शिरता येत नाही. दाट तुकड्यातल्या तळाच्या नमुन्यांत गोगलगायी आणि मंद हालचालींच्या अळ्या आघाडीच्या जागेपेक्षा कमी आढळल्या. दोन जागांत इतरही फरक होते, तेव्हा सगळा दोष क्रेफिशवर टाकलेला नाही. पण मोठे प्राणी काढले की ओढा सावरेल, या आशेला या मापांनी आधार दिला नाही.

निर्णय

निधीचा अर्ज बदलला. सापळे नियंत्रणाचे साधन म्हणून बंद केले. आघाडीवर क्रेफिश कुठवर पोचले हे पाहण्यापुरते ते आणि दगड उलटून शोध, दोन्ही ठेवले. वाचलेला पैसा दोन कामांकडे वळवला: मासेमारी करणाऱ्यांसाठी सामान धुण्या-वाळवण्याची सोय, आणि शेजारच्या खोऱ्यात मूळच्या क्रेफिशसाठी एक सुरक्षित, इतर पाण्याशी न जोडलेली जागा तयार करणे. वाहत्या ओढ्यातून सिग्नल क्रेफिश पूर्ण काढता येणार नाही, हे सगळ्यांनी मान्य केले.

संस्थेतल्या काहींना हा निर्णय जड गेला. तीन उन्हाळ्यांचे कष्ट होते ते. पण त्यांच्याच जुन्या नोंदी, एकदा नाते काढल्यावर, आघाडी दरवर्षी किती सरकली हे सांगायला उपयोगी पडल्या, कारण प्रत्येक नोंदीवर सापळ्याचा क्रमांक आणि जागा नीट लिहिलेली होती.

पुन्हा करायचे झाल्यास

कोरडा पाडलेला तुकडा एकच होता. त्याच माणसांत आणि पैशांत निम्म्या लांबीचे दोन तुकडे, एक दाट पट्ट्यात आणि एक आघाडीमागे, जास्त सांगून गेले असते. घनता फार निघू शकते हे आधीच माहीत होते, म्हणून तुकडा लहान घेण्यात तोटा नव्हता.

मोजणारी माणसे पकडणाऱ्यांच्या मानाने कमी पडली. अशा कामात एका पकडणाऱ्यामागे एक मोजणारा आणि एक लिहिणारा धरावा. रांग वाढलीच तर पिल्लांची मापे त्याच वेळी न घेता आकाराच्या चाळणीने गट पाडून फक्त त्यांची संख्या मोजावी, आणि प्रत्येक गटातून न निवडता उचललेल्या पन्नासांची मापे घ्यावीत.

जुन्या नोंदींचा घोळ टाळायला फारसे काही लागले नसते. दरवर्षी दहा प्राणी मोजपट्टीसह वरून फोटो काढून ठेवले असते, तर कुठली लांबी घेतली हे फोटोवरून एका दुपारी ठरले असते. संस्थेने आता हे सुरू केले आहे. प्रत्येक हंगामाच्या पहिल्या दिवशी नवे आणि जुने मोजणारे तेच दहा प्राणी मोजतात, आकडे ताडून पाहतात, आणि मगच सापळे पाण्यात जातात. रकान्याचे नावही बदलले आहे: ‘कवचलांबी, डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून, मिलिमीटर’.